मी जाणार नाही रडणार

प्रश्न : नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, सातपूरला नोकरी करणाऱ्या एका वाचकताईंचं पत्र आहे. गेली चार वर्षं त्या कथा लिहितात. एका दिवाळी अंकाला पाठवलेली कथा ‘विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे’ एवढ्या एका ओळीनिशी परत आली. सासूबाई निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांनी आपणहून कथा तपासून दिली. पहिल्याच पानावर एकेचाळीस लाल खुणा. वाचनकट्ट्यावरचा एक मित्र म्हणतो, विरामचिन्हं इंग्रजांनी आणली, मराठीला त्यांची गरजच नाही, अवतरणचिन्हंसुद्धा काढून टाक. आता ताई लिहायला बसल्या की गोष्ट बाजूला राहते आणि स्वल्पविराम मोजण्यातच संध्याकाळ जाते. त्या विचारतात : नियम पाठ करू की सगळंच सोडून देऊ? आणि आईंना न दुखावता त्यांचं लाल पेन कसं थांबवू? सोबत कथेचं पहिलं पान आणि शेवटची ओळ पाठवली आहे.

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कथेचं पान चारदा. पत्रात तुम्ही लिहिलंय, “आईंनी पान हातात दिलं, मी ‘बघते’ म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.” या वाक्यात एकही चिन्ह चुकलेलं नाही. ते लिहिताना तुम्ही कुठलाही नियम आठवत नव्हतात. काय घडलं ते तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून चिन्हं आपापल्या जागी जाऊन बसली. तेव्हा ‘मला विरामचिन्हं येत नाहीत’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. पत्रात येतात ती कथेत का बिघडतात, हा खरा प्रश्न आहे.

कथा केवळ विरामचिन्हांमुळे परत आली, हेही तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण ढिगानं आलेल्या कथांमधून एकीवर ओळभर शेरा लिहायचा तर जे चटकन डोळ्यांत भरतं तेच लिहिलं जातं. तो शेरा खोटा नाही, त्याकडे लक्ष द्यायला हवं. मात्र त्या एका ओळीवरून आपल्या सगळ्या लिहिण्याचा निकाल लावू नका.

आता तुमच्या पहिल्या पानाकडे येते. इतर लिहिणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देते :

नाना म्हणाले, आलीस ते बरं झालं!! उद्यापासून खरडछाटणी आहे... मी म्हटलं, नाना मी राहायला, नाही आले... चिमीला, न्यायला आले आहे! नाना काही, बोलले नाहीत... त्यांनी कात्री उचलली, आणि धार बघितली....

निफाडकडची द्राक्षबाग, एप्रिलची छाटणी, आजोबांकडे वाढलेल्या मुलीला जूनच्या शाळेसाठी नाशिकला न्यायला आलेली आई. गोष्ट पहिल्या ओळीपासून सुरू झालीय आणि ती चांगली आहे. ती कात्री तर फारच चांगली आहे.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? एवढ्या मजकुरात एकही साधा पूर्णविराम नाही. चार ठिकाणी टिंबं आहेत, दोन ठिकाणी उद्गारचिन्हं, सहा स्वल्पविराम. कुणाचंच बोलणं संपत नाही. नानांचं संपत नाही, लेकीचं संपत नाही, कात्रीची धार बघणंसुद्धा टिंबांत विरून जातं. वाक्य संपवलं की त्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि मला वाटतं तुम्ही तिथेच बिचकता. पत्रात बिचकत नाही, कथेत बिचकता. बहुतेक नवे लिहिणारे इथेच बिचकतात, म्हणून हे मोकळेपणानं सांगतेय.

‘राहायला’च्या पुढे स्वल्पविराम का दिला, याचं कारण तुम्हीच पत्रात दिलंय : मोठ्यानं वाचताना तिथे श्वास घेतला जातो. शाळेत आपल्याला हेच शिकवलं जातं, की स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबायचं. हे निम्मंच खरं आहे. ही दोन वाक्यं म्हणून बघा :

सकाळच्या लाल गाडीनं आलेल्या आत्यानं दारातच पिशवी ठेवली.

आत्या, दारातच पिशवी ठेव.

पहिल्या वाक्यात ‘आत्यानं’पाशी आपण हमखास थांबतो, तरी तिथे स्वल्पविराम नको. दुसऱ्यात जीभ ‘आत्या’वरून सरळ पुढे जाते, तरी तिथे तो हवाच. कारण पहिल्या वाक्यात आत्याचं आणि ठेवण्याचं नातं ‘नं’ या प्रत्ययानं आधीच बांधलंय, मध्ये चिन्ह घालून ते तोडायचं कशाला? दुसऱ्यात आत्याला हाक मारलीय. हाक वाक्याच्या बाहेर उभी असते आणि स्वल्पविराम तिला बाहेर उभं ठेवतो. मराठीत बरीचशी कामं प्रत्यय करतात. ‘चिमीला न्यायला’ म्हटलं की कुणाला आणि कशाला ते ‘ला’ सांगून टाकतो. तुमच्या पानावरचे ‘राहायला’, ‘चिमीला’ आणि ‘काही’ यांच्यापुढचे तिन्ही स्वल्पविराम असे अनाठायी आहेत. आणि जिथे तो खरोखर हवा होता, त्या ‘नाना मी राहायला’ मधल्या ‘नाना’पुढे तो नाही.

आता तोच मजकूर मी असा लिहून बघते :

“आलीस ते बरं झालं. उद्यापासून खरडछाटणी आहे.”

“नाना, मी राहायला नाही आले. चिमीला न्यायला आलेय.”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी कात्री उचलली आणि धार बघितली.

दोन्ही ‘म्हणाले’, ‘म्हटलं’ मी काढून टाकले. कोण बोलतंय ते तरीही कळतं, कारण मराठी क्रियापद बोलणाऱ्याला उघडं पाडतं. ‘आले’ म्हणणारी बाई आहे. ‘नाना’ अशी हाक मारणारी लेक आहे. ‘आलीस’ म्हणणारा तिला ‘तू’ म्हणणारा आहे. ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’, ‘बस’ आणि ‘बसा’ एवढ्यावर आपल्याला माणूस, त्याचं लिंग, त्याचा मान, सगळं कळतं. ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे आणि कथेत तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. दोन बहिणींचा किंवा दोन मैत्रिणींचा संवाद असेल तिथे मात्र ही सोय नाही. तिथे अधूनमधून नाव घ्यावं लागतं.

शेवटची ओळ आणखी एका तऱ्हेनं लिहिता येईल :

नाना काही बोलले नाहीत; कात्री उचलून धार बघत राहिले.

पूर्णविराम दिला तेव्हा आधी नाना गप्प झाले, क्षणभर काहीच झालं नाही आणि मग त्यांचा हात कात्रीकडे गेला. अर्धविराम दिला तेव्हा त्यांचं गप्प राहणं आणि कात्रीत डोकं घालणं ही एकच कृती झाली. पहिले नाना दुखावलेत. दुसरे नाना हे आधीपासूनच जाणून होते. यातलं बरोबर कुठलं, ते कुठलंही व्याकरणाचं पुस्तक सांगणार नाही. तुमचे नाना कसे आहेत हे तुम्हालाच ठाऊक. एवढ्यासाठीच मी इतकं लांबण लावलं : कुठलं चिन्ह द्यावं ते सुचत नाही, अशी जागा आली की बहुतेक वेळा आपलं पात्र तिथे काय करतंय हेच ठरलेलं नसतं. अशा वेळी नियमांचं पुस्तक काढू नका. डोळे मिटा आणि नाना काय करतायत ते बघा.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते निम्मं खरं आहे. आज वापरतो ती बहुतेक विरामचिन्हं इंग्रजी छपाईतून मराठीत आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाला हातभार लावणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिलं, ते १८५० साली. आपलं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० सालचं. म्हणजे नाशिकचं वाचनालय मराठी विरामचिन्हांच्या त्या पुस्तकाहून दहा वर्षांनी वडील आहे. त्याआधी पोथीतल्या ओव्यांना दंड होते, एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा. मोडीत तर तेही नाही. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागासुद्धा सोडायची नाही.

मग लोकांना वाचता कसं येत होतं? मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि ते स्वतःच पूर्णविरामाचं काम करतं, म्हणून. ‘की’, ‘तर’, ‘म्हणोन’, ‘ऐसें’ हे शब्द सांधे दाखवतात, म्हणून. पत्र संपलं की ‘बहुत काय लिहिणे’ आणि ‘हे विनंती’ असे शब्द येत. मजकूर संपल्याची ती खूणच होती. चिन्हं नव्हती तेव्हाही थांबणं होतं, ते शब्दांत होतं.

तेव्हा आपल्या भाषेला इंग्रजीइतकी चिन्हं लागत नाहीत, हे तुमच्या मित्राचं खरं. पण पोथी किंवा बखर वाचली जायची ती बहुधा चार माणसांत, मोठ्यानं. वाचणारा आपल्या आवाजानं तोडत, जोडत, प्रश्न विचारत पुढे जायचा. तुमची कथा कुणीतरी बसमध्ये किंवा रात्री अंथरुणात, मनातल्या मनात वाचणार आहे. तिथे तुमचा आवाज नाही. त्याची जागा ही चिन्हं घेतात. ती कुठून आली यापेक्षा ती काढल्यावर त्यांचं काम कोण करणार, हा प्रश्न मित्राला विचारा.

अवतरणचिन्हं काढायचा त्याचा सल्ला मी लगेच खोडून काढणार नाही. अवतरणचिन्हांशिवाय संवाद लिहिता येतो. प्रत्येकाचं बोलणं नव्या ओळीवर, आधी एक आडवी रेघ :

– आलीस ते बरं झालं.

– राहायला नाही आले मी.

छान चालतं. ‘येते म्हणाली आणि निघाली’ यातही काही अडत नाही, कारण ‘म्हणाली’नं बोलण्याची हद्द दाखवली आहे. पण तुमच्या या कथेत एक अडचण आहे. तुमची निवेदक आणि तुमची पात्रं दोघंही ‘केलं, गेलं, झालं’ असंच बोलतात. निवेदन ‘केले, गेले’ असं प्रमाण भाषेत आणि बोलणं ‘केलं, गेलं’ असं असतं तर अनुस्वारावरूनच दोन्ही वेगळी दिसली असती. इथे तसं नाही. आता हे बघा :

मी दाराकडे बघितलं. उशीर झालाय. नाना उठले.

‘उशीर झालाय’ हे नाना म्हणाले, की तुमच्या मनात आलं? असा संभ्रम तुम्हाला हवा असेल तर राहू द्या, कथेत त्यालाही जागा असते. नको असेल तर अवतरणचिन्ह द्या. ‘म्हणून’ या शब्दापाशी तर विशेष जपा. ‘पाऊस येणार म्हणून नाना बागेत गेले’ यात पाऊस येणार असल्यामुळे नाना गेले. ‘“पाऊस येणार” म्हणून नाना बागेत गेले’ यात नाना तसं बोलून गेले, पाऊस येवो न येवो. दोन टिचभर खुणांनी कारणाचं निमित्त झालं. या कथेसाठी मी अवतरणचिन्हं ठेवा असंच म्हणेन. उच्चारलेल्या बोलण्याला दुहेरी, मनातल्या विचाराला किंवा एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं असेल तर एकेरी. “येते,” ती म्हणाली, असं लिहायचं की “येते.” ती म्हणाली, असं, याबाबत मराठीत दोन्ही रिवाज दिसतात. कुठलाही एक धरा आणि कथाभर तोच पाळा. पहिल्या पानावर एक आणि चौथ्यावर दुसरा, असं झालं की तपासणाऱ्याला वाटतं लिहिणारीचं लक्ष नव्हतं.

उद्गारचिन्हाबद्दल थोडंच सांगते. दोन किंवा तीन कधीच नकोत. एकसुद्धा देण्याआधी बघा, की ‘की’, ‘ना’, ‘बाई’, ‘हं’, ‘गं’ यांनी ते काम आधीच केलंय का. ‘आलीस की गं’ म्हटल्यावर आणखी काय उरतं? चिन्ह खरं लागतं ते शब्द उघडा असतो तिथे. “आलीस. बस.” आणि “आलीस! बस.” यांत शब्द तेच आहेत, पण पहिल्या घरात पाहुणी दाराशीच घुटमळते आणि दुसऱ्यात चपला काढून सरळ आत येते.

टिंबांचंही असंच आहे. बोलणारा स्वतःच अडखळला, विरला, तर तीन टिंबं, चार नाहीत. दुसऱ्यानं मध्येच तोडलं तर आडवी रेघ. “मला वाटलं तू…” म्हणणाऱ्याला पुढचं बोलवत नाही. “मला वाटलं तू—” म्हणणाऱ्याला कुणीतरी बोलू दिलेलं नाही. तुमच्या पानावर नाना गप्प झाल्यावर टिंबं होती. पण नाना तर बोलतच नव्हते, मग विरलं काय? गप्प राहणं हे पूर्ण झालेलं काम आहे. त्याला पूर्णविराम द्या.

प्रश्नचिन्हाचा धडा मला खूप वर्षांपूर्वी मिळाला. मी एका अंकासाठी मुद्रितं तपासत होते. एका वयस्कर लेखकाच्या कथेत म्हातारा बाप मुलाला फोनवर म्हणतो, “आता कशाला येशील तू.” मी प्रश्नचिन्ह राहिलं असं समजून ते घातलं. अंक निघाल्यावर त्यांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, तो विचारत नाहीये हो.” मी पुन्हा वाचलं. खरंच, बाप काही विचारत नव्हता. त्यानं वाट बघणं सोडलं होतं आणि माझ्या एका चिन्हानं तो पुन्हा वाट बघायला लागला होता. अंक तर छापून झाला होता. तेव्हापासून ‘का’, ‘कशाला’, ‘कधी’ दिसलं की हात लगेच प्रश्नचिन्हाकडे जात नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा : ‘तो कधी येणार ते नानांना माहीत नव्हतं’ यात ‘कधी’ आहे पण प्रश्न नाही, म्हणून चिन्हही नाही.

टायपिंगच्या काही गोष्टी भराभर सांगते. यांचा कलेशी संबंध नाही, पण अंकाच्या टेबलावर पहिल्यांदा याच खुपतात. चिन्ह शब्दाला चिकटून द्यायचं, मोकळी जागा त्याच्या नंतर. प्रश्नचिन्हाआधी जागा सोडलीत तर ओळ मोडताना ते बिचारं एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ यांतला विसर्ग हा विसर्गाच्याच कळीनं टाइप करा. तुमच्या पानावर तो तीनदा अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनी काढला आहे. आणि खुद्द अपूर्णविराम द्यायचा असेल तेव्हा तो विसर्गासारखा दिसू नये म्हणून त्याच्याआधी थोडी जागा सोडतात, तेवढा एकच अपवाद. अजूनही काही ठिकाणी अंक जुन्या फाँटमध्ये लावतात. युनिकोडमधला मजकूर तिकडे नेताना अवतरणचिन्हं आणि रेघा हमखास बिघडतात. म्हणून कथेसोबत पीडीएफही पाठवत जा, म्हणजे मुळात काय होतं ते त्यांना बघता येईल.

आता आई. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या लाल खुणा मी एकेक करून बघितल्या. हाकेनंतरचा राहिलेला स्वल्पविराम, उघडून न मिटलेलं अवतरणचिन्ह, अनाठायी टिंबं, हे त्यांनी अचूक धरलंय. त्या सगळ्या दुरुस्त्या तुम्ही निमूट घ्याव्यात असं मला वाटतं. एवढं बारीक वाचणारं माणूस घरात असणं हे भाग्य आहे. पण जिथे तुम्ही ‘ओटा. ओट्यावर चिमी. चिमीच्या हातात घडीचा फ्रॉक.’ असं लिहिलंय, तिथे त्यांनी समासात विचारलंय, ‘क्रियापद कुठे?’ हा निबंधाचा हिशोब झाला. आयुष्यभर त्यांनी मुलांना पूर्ण वाक्यात उत्तरं लिहायला शिकवलं, त्यांना हे खटकणारच. पण दारातून आत येणाऱ्या आईची नजर अशीच एकेका वस्तूवर थांबत जाईल ना? तिथे क्रियापद आणलंत तर ती नजर घाईला येईल. ते तसंच ठेवा आणि आईंना का ठेवलं ते सांगा. ‘कथेत चालतं’ एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही. चिमी दिसेपर्यंत आईला दुसरं काही सुचत नाहीये, असं सांगा. शिक्षकाला कारण दिलं की तो ऐकतो.

लाल पेन थांबवू नका. त्यांना वेगळं काम द्या. कथेच्या दोन प्रती काढा. एक आईंच्या हातात द्या आणि म्हणा, “आई, मला हे मोठ्यानं वाचून दाखवता का? तुमच्या आवाजात ऐकायचंय.” त्या वाचतील तेव्हा दुसरी प्रत घेऊन तुम्ही समोर बसा, हातात फक्त पेन्सिल. त्या अडखळतील तिथे एक ठिपका. त्या मागे जाऊन पुन्हा वाचतील तिथे दोन. चुकीच्या माणसाच्या आवाजात बोलणं सुरू करतील तिथे फुली. मध्ये बोलायचं नाही, ‘तसं नाही आई’ म्हणायचं नाही. कागदावर जेवढं आहे तेवढंच त्यांना मिळतंय आणि वाचकालाही तेवढंच मिळणार आहे. वाचून झालं की ठिपके मोजा. एकेचाळीसच्या जागी सात-आठ निघतील आणि प्रत्येक ठिपक्यापाशी खरोखर काहीतरी ठरवायचं राहिलेलं असेल. घरात असं कुणी नसेल त्यांनी फोनवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सर त्याला नाही, कारण आपल्याला आपली वाक्यं पाठ असतात.

आणि लिहिताना चिन्हं मोजणं आजपासून बंद. पहिला खर्डा हातानं लिहा, वाटेल तिथे थांबा, चिन्ह सुचलं नाही तर जागा कोरी सोडून पुढे जा. चिन्हांसाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा, गोष्ट पूर्ण झाल्यानंतरची. एखाद्या शनिवारी सावानात बसून तुमच्या आवडत्या कथाकाराचं एक पान, एकच पान, चिन्हांसकट उतरवून काढा. हातानंच. तो कुठे थांबत नाही, हे वाचताना कळत नाही, ते उतरवताना कळतं.

राहिली तुमची शेवटची ओळ. बॅग भरून झालीय, नाना बागेतून आलेले नाहीत, आणि ओट्यावरची चिमी म्हणते,

मी जाणार नाही रडणार

तुम्ही ती चिन्हाशिवायच पाठवलीत. आईंनी लाल पेनानं ‘मी जाणार नाही, रडणार.’ असं केलं. तुम्ही लिहिता, “मलाही ते बरोबर वाटलं, मग रात्री वाटलं की नाही, ती म्हणतेय ‘मी जाणार, नाही रडणार.’ आणि सकाळी मला काहीच कळेना.” आईंच्या वाक्यातली चिमी सहा वर्षांची आहे आणि ओट्याचा खांब धरून बसलीय. तुमच्या रात्रीच्या वाक्यातली चिमी त्याच घरात, त्याच दुपारी अचानक मोठी झालीय आणि हे तिनं आईला कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. या दोन वेगळ्या कथा आहेत. कुठली तुमची, ते ठरवायला पुन्हा पहिल्या पानावर जावं लागेल : चिमी त्या घडीच्या फ्रॉकचं पुढे काय करते, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

असंही असेल, की चिमीला स्वतःलाच माहीत नाही आणि ऐकणाऱ्या आईलाही कळलेलं नाही. मग ते वाक्य तसंच ठेवा, उघडं, स्वल्पविराम नाही आणि शेवटी पूर्णविरामही नाही. पण मग त्याच्याआधीच्या पाचही पानांवरचं प्रत्येक चिन्ह जागच्या जागी असू द्या. नानांच्या हाकेपुढचा स्वल्पविराम, मिटलेली अवतरणचिन्हं, कात्रीनंतरचा पूर्णविराम. तेव्हाच त्या ओळीवर आल्यावर वाचक थांबेल, तोंडातल्या तोंडात ती दोनदा म्हणून बघेल, आणि इथे चिन्ह राहून गेलं असं त्याला वाटणार नाही.